उसाच्या गाडीमागून

नाताळचा सण आटोपला, की धर्मगुरूच्या आयुष्यात तीन-चार दिवसांची एक मोकळी फट पडते. आगमनकाळातील पापनिवेदने, मध्यरात्रीची मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, तरुणांचे कार्यक्रम यांनी शिणलेले मन मग कुठेतरी दूर जाऊ पाहते. गेल्या डिसेंबरात आम्हीही असेच बाहेर पडलो. सेमिनरीत आमच्या शेजारच्या खोलीत राहिलेले एक सहाध्यायी पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील एका मिशनमध्ये सेवाकार्य करीत आहेत. "थंडीत या, हुरडा खाऊ," हे त्यांचे निमंत्रण कित्येक वर्षे नुसतेच पडून होते.

सोबतीला आमचा धाकटा भाऊ होता. गाडी त्याची आणि चालवणाराही तोच. लहानपणी आम्हाला 'दादा' म्हणणारा हा भाऊ आमच्या गुरुदीक्षेच्या दिवसापासून 'फादर' म्हणू लागला आणि 'तू'चे 'तुम्ही' झाले. आईनेच त्याला तसे बजावले होते. त्याला आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

निघताना त्याने गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक पिवळी फाईल ठेवली. तिच्यात काय आहे ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दोघांनाही ते ठाऊक होते. बाबांच्या पश्चात राहिलेल्या तीस गुंठ्यांच्या वाडीच्या सातबाऱ्यावर दोन नावे आहेत, त्यांतले एक आमचे. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू. संन्यस्तांप्रमाणे दारिद्र्याचे व्रत आम्ही घेतलेले नाही, त्यामुळे वडिलोपार्जित हक्क कायद्याने आमच्याकडे राहिला आहे. वाडीला गिऱ्हाईक आले होते आणि आमच्या सहीवाचून व्यवहार पुढे सरकणार नव्हता. दोन वर्षे आम्ही "पाहू", "विचार करू" असे म्हणत तो विषय लांबवीत आलो होतो.

खरे सांगायचे, तर या प्रवासामागे आमच्या मनात एक डाव होता. हिवाळ्यातील हिरवीगार शेते, कालव्यांचे पाणी आणि मातीशी इमान राखणारी माणसे डोळ्यांनी पाहिली, म्हणजे भावाचे मन आपोआप पालटेल असे आम्हास वाटत होते. प्रवचनाने जे साधले नाही ते प्रवासाने साधावे, एवढाच हिशेब.

भाऊ समृद्धी महामार्गाने जाऊ म्हणत होता. इगतपुरी ते आमणे हा त्या महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि भिवंडीजवळून निघालेला माणूस आता थेट शिर्डीकडे उतरू शकतो. परंतु महामार्गावरून गावे दिसत नाहीत, गावांच्या नावांच्या पाट्या दिसतात. आम्ही जुन्या रस्त्याचा आग्रह धरला. भावाने एकदा आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता गाडी शहापूरच्या वाटेला लावली.

कसारा घाट चढून इगतपुरीच्या पठारावर आलो, तेव्हा ऊन नुकतेच कोवळे झाले होते. घोटी गावात चहा घेतला. भाताच्या गिरण्यांचे हे गाव. हवेत तुसाचा वास होता आणि उतरलेल्या पोत्यांवर माणसे शेकत बसली होती. घोटीवरून उजवीकडे वळलो आणि कळसूबाईची रांग समोर आली. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर धुक्याच्या वर एकटेच उभे होते. दोन्ही अंगांना कापणी झालेली भातखाचरे होती. बांधाबांधावर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या आणि जिथे थोडी ओल उरली होती, तिथे हरभरा टाकलेला. बारी गावापाशी एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. थंडी एवढी, की तिच्या श्वासाची वाफ दिसत होती.

"येथे पाऊस किती पडत असेल?" भावाने विचारले.

इगतपुरीच्या बाजूला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि आपण जिथे निघालो आहोत त्या श्रीरामपूरकडे जेमतेम पाचशेच्या आसपास, असे आम्ही सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे शंभर किलोमीटरवर देवाचा हात आखडतो." आम्ही हसलो, पण तो हसला नाही. शेतकऱ्याला पावसाबद्दल विनोद सुचत नाही, हे आमच्या ध्यानात यायला हवे होते.

शेंडी गावाशी थांबून भंडारदऱ्याचा जलाशय पाहिला. प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि थोडे अंतर चालते न चालते तोच या धरणात येऊन अडते. १९१० मध्ये काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये हे दगडी धरण पूर्ण झाले. तेथून पुढे नदीच्या पात्रातून आणि कालव्यांतून पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या कोरड्या मुलखात गेले आणि जिथे बाजरी कशीबशी येत होती तिथे ऊस उभा राहिला. याच नदीवर खाली निळवंडे येथे दुसरे धरण झाले. त्याच्या डाव्या कालव्यातून २०२३ मध्ये पाणी सुटले, तेव्हा ज्यांच्या आजोबांनी त्या पाण्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या अशा नातवांनी ते आपल्या शिवारात आलेले पाहिले.

भाऊ पाण्याकडे बराच वेळ पाहत उभा होता. "गोडे आहे," एवढेच तो म्हणाला.

राजूरला बाजार भरला होता. तेथील पेढे प्रसिद्ध आहेत. मिशनमधील मुलांसाठी ते घेतले. अकोले तालुक्यातून जाताना आम्ही भावाला राहीबाई पोपेरे यांच्याविषयी सांगितले. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या या आदिवासी भगिनीने गावरान वाणांचे बियाणे जपले, बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीने बीज राखले, आणि आपण सुशिक्षित वसईकर जमीन राखू शकत नाही, असे काहीसे आमच्या तोंडून निघून गेले.

भावाने गिअर बदलला. उत्तर दिले नाही.

अकोले मागे पडले तशी शेते रुंदावत गेली. कांद्याची लागण चालली होती. बायकांची रांग वाफ्यात वाकलेली, रोपाच्या जुड्या बांधावर, कुणाचे तरी तान्हे झोळीत. गव्हाचा पोपटी रंग, ज्वारीची पोटऱ्यात आलेली ताटे, मधूनच डाळिंबाची बाग. संगमनेरला प्रवरेला म्हाळुंगी येऊन मिळते आणि गावाला नाव देते. तेथे दुपारचे जेवण झाले. पुढे लोणीजवळ आलो, तेव्हा मळीचा आंबूस वास गाडीत शिरला. विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने आणि धनंजयराव गाडगीळ या अर्थशास्त्रज्ञाने मिळून सहकारी तत्त्वावरचा साखर कारखाना येथेच उभारला. १९५० च्या सुमारास त्याच्या गाळपाला प्रारंभ झाला आणि या परिसराचे भाग्य पालटले. हे सारे आम्ही भावाला उत्साहाने सांगत होतो. वर्गात शिकवावे तसे सांगत होतो, असे आता वाटते.

संध्याकाळी मिशनमध्ये पोहोचलो. मंदिरावरचा कागदी तारा अजून लागलेला होता. गव्हाणीपुढे वसतिगृहातील मुले ढोलकीवर भजने म्हणत होती. आमच्या मित्राचे केस पांढरे झाले आहेत, आवाज तोच आहे. रात्री अंगणात गोवऱ्यांची आगटी पेटवली. कणसे भाजून, हातावर चोळून तो कोवळा गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी पुढे आली. थंडीत शेकोटीभोवती बसून आम्ही सेमिनरीतल्या गोष्टी काढल्या. भाऊ ऐकत होता.

बोलता बोलता आम्ही मित्राला वाडीचा विषय सांगितला. आमचा समज असा, की तो आमची बाजू घेईल. त्याने आगटीतील एक गोवरी सरकवली आणि शांतपणे म्हणाला, "जमीन विकावी की राखावी, हा प्रश्न तुम्हाला पडतो हे तुमचे भाग्य. माझ्या इथल्या बहुतेक कुटुंबांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. दुष्काळात त्यांचे पणजोबा मिशनच्या दाराशी आले, तेव्हा गावाने त्यांना वेशीबाहेरची जागा दिली होती. ते दुसऱ्याच्या रानात राबले, अजून राबतात. सातबारा म्हणजे काय, ते त्यांना तलाठ्याच्या कार्यालयाबाहेर उभे राहून कळते."

आम्ही गप्प झालो. शेकोटीपलीकडे भावाचा चेहरा लालसर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मित्राने आम्हाला एका वृद्ध शेतकऱ्याकडे नेले. श्रीरामपूरच्या बाजूला 'खंडकरी' हा शब्द अजून चालतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी साखर कंपनीने उसासाठी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. पुढे कमाल जमीनधारणेचा कायदा आला. १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले आणि त्या जमिनी त्याच्या ताब्यात गेल्या. मूळ मालकांच्या दोन पिढ्या अर्ज, मोर्चे आणि न्यायालये यांत सरल्या. अखेर २०१२ नंतर जमिनी परत मिळू लागल्या. हे बाबा त्यांपैकी एक. आजोबांनी दिलेली जमीन नातवाला म्हातारपणी मिळाली.

वाटले, येथे आमच्या मनासारखा दृष्टान्त सापडला. बाबांनी खाटेवर बसवले, उसाचा रस दिला. जमीन कोण करते, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "वाट्यानं दिलीय. दोन्ही पोरं पुण्याला. बापानं कागद सांभाळलं, म्या बांध सांभाळतो, पोरं काय सांभाळतील ते त्यांचं त्यांना ठावं." मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि भावाला विचारले, "तुमच्याकडं काय पिकतं?"

आमचा मितभाषी भाऊ तेथे अर्धा तास बोलला. केळीच्या जाती, राजेळीची सुकेळी कशी करतात, पानवेलीला सावली किती लागते, सोनचाफ्याची फुले पहाटे खुडून पहिल्या गाडीने दादरला कशी न्यावी लागत. म्हातारा गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. भावाला इतके माहीत आहे, याचा आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही ज्या वाडीवर प्रवचने दिली, तिच्यात सोनचाफ्याची झाडे किती, हे आम्हाला सांगता आले नसते.

तिसऱ्या दिवशी पहाटे परतीला निघालो. बाहेर दाट धुके होते. मुख्य रस्त्याला लागलो आणि समोर उसाच्या गाड्यांची रांग आली. रबरी चाकांच्या बैलगाड्या, त्यांवर माणूसभर उंच रचलेला ऊस आणि वर, उसाच्या मोळ्यांवर, गोधडीत गुंडाळलेली एक लहान मुलगी झोपेत डुलत होती. गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. आम्ही म्हटले, "हॉर्न वाजव, जागा देतील."

"नको, फादर. पुढे चढ आहे. बैल बिचकले तर गाडी मागे येईल." त्याने गाडीचा वेग बैलांएवढा केला आणि अंतर राखून तो त्या गाड्यांमागून जाऊ लागला.

चढाच्या मध्यावर शेवटच्या गाडीचे एक चाक रस्त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातीत रुतले. बैलांनी गुडघे टेकले. गाडीवानाने खाली उडी टाकून त्यांच्या तोंडाशी धाव घेतली, त्याची बायको पळत मागे आली आणि तिने चाकामागे दगड घातला. भावाने गाडी बाजूला लावली, दार उघडले आणि काही न बोलता चाकाला खांदा दिला. आम्हीही उतरलो. पन्नाशी ओलांडलेला धर्मगुरू उसाच्या गाडीला काय जोर लावणार! तरी लावला. तीन वेळा गाडी हलली आणि मागे आली. चौथ्या वेळी भावाने बैलांना काहीतरी हाक घातली, आमच्या लहानपणी रहाटाच्या बैलाला बाबा घालीत तीच, आणि चाक वर आले. उसावरची मुलगी जागी होऊन आमच्याकडे पाहत होती.

त्या बाईने मोळीतून एक ऊस ओढून कोयत्याने त्याचे दोन तुकडे केले आणि आमच्या हातात दिले. दोघे बीड जिल्ह्यातले. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन निघायचे, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहायचे. फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री-पहाटे कारखान्यावर खाली करायची. मुलीला कोपीत एकटे कुठे ठेवायचे, म्हणून ती उसावर.

भावाने विचारले, "गावाकडे जमीन आहे?"

"हाय की. चार एकर हाय," गाडीवान म्हणाला. आवाजात अभिमान होता. मग त्याने कासरा हातात घेतला आणि म्हणाला, "पाणी न्हाई."

धुक्यात गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघे तेथे उभे होतो. चार एकरांचा धनी पाण्यावाचून दुसऱ्याच्या शिवारात उसाच्या मोळ्या वाहत होता. त्याला जमिनीवरचे प्रेम आम्ही काय शिकवणार होतो?

संगमनेर मागे पडले. अकोल्याच्या अलीकडे भाऊ अचानक बोलू लागला. समोर रस्त्याकडे पाहत, हळू आवाजात.

"दादा, तुला एक सांगू?"

पंचवीस वर्षांनी ती हाक ऐकली. आम्ही त्याच्याकडे वळलो.

"दहावीनंतर मला तंत्रविद्यालयात प्रवेश मिळाला होता. मोटार मेकॅनिकचा. पत्र आलं होतं घरी."

आम्हाला हे ठाऊक नव्हते.

"तुला कसं ठाऊक असणार? तू सेमिनरीत होतास. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, 'एक मुलगा देवाला दिला. आता एक वाडीला पाहिजे.' आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी केळीला पाणी लावायला गेलो. तेव्हापासून लावतोय."

वाचकहो, आमच्या गुरुदीक्षेच्या वेळी धर्मग्रामाने मोठा सत्कार केला होता. एका वक्त्याने आमच्या आईवडिलांच्या त्यागाचा गौरव केला होता. मुलगा देवाला देणारे धन्य, असे तो म्हणाला होता. टाळ्या वाजल्या, तेव्हा आमचा भाऊ मंडपात खुर्च्या मांडीत होता. त्या त्यागातला मोठा वाटा कोणाच्या खात्यातून गेला, हे त्या दिवशी कुणी विचारले नाही. आम्हीही नाही.

"टँकर सुरू झाले, तेव्हापासून आजूबाजूच्या विहिरी उपसल्या गेल्या," तो सांगत होता. "आपली विहीर मार्चपासून मचूळ होते. केळीची पानं कडेनं करपतात. मजूर मिळत नाही. आता पाठ साथ देत नाही. मुलाला शेतीत यायचं नाही, आणि बाबांनी मला विचारलं नव्हतं, म्हणून मी त्याला विचारलं. तो नको म्हणाला." तो क्षणभर थांबला. "विकू नये असं मलाही वाटतं, दादा. रोज वाटतं. पण वाटणं वेगळं आणि रोज पाणी लावणं वेगळं. तू प्रवचनात जमिनीला आई म्हणतोस. चांगलं वाटतं ऐकायला. पण आईची सेवा कोण करतं, ते तू कधी विचारत नाहीस."

तो जमिनीविषयीच बोलत होता, याची आम्हाला खात्री आहे. त्याच्या मनात दुसरे काही नव्हते. परंतु आमची आई अखेरची सात वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सारे भावजयीने केले. आम्ही रविवारी दुपारी जात होतो, तिच्या कपाळावर क्रुसाची खूण करीत होतो, तासभर बसून परत येत होतो. घरातली माणसे आम्हाला खुर्ची देत, सरबत देत. शेजारी म्हणत, फादर आईला किती जपतात!

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरवळीसाठी जी चळवळ उभी राहिली, तिच्यात आम्ही तरुणपणी चाललो होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्या काळात जे धैर्य दाखवले, ते वसईकर विसरणार नाहीत. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा आम्हाला ते दिवस पुन्हा आठवले. ती लढाई खरी होती आणि तिची गरज आजही संपलेली नाही, असेच आमचे मत आहे. परंतु मोर्चात चालून आम्ही सेमिनरीत परतलो आणि आमचा सतरा-अठरा वर्षांचा भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे पंप सुरू करायला विहिरीवर गेला. जमीन वाचवण्याची घोषणा आमची होती आणि वाचवलेली जमीन कसण्याचे काम त्याचे होते. त्याच्या घामाच्या बळावर आम्ही तत्त्वनिष्ठ राहिलो. सही न करणे आम्हाला सोपे होते, कारण सही न केल्यावर उद्या सकाळी वाडीत उतरायचे होते ते त्याला.

राजूर गेले, बारी गेली. कळसूबाईच्या माथ्यावर आता स्वच्छ ऊन होते. दोन दिवसांपूर्वी याच रस्त्यावर आम्ही त्याला राहीबाईंचे उदाहरण ऐकवले होते, ते आठवून ओशाळल्यासारखे झाले. राहीबाईंनी बी जपले ते स्वतःच्या हातांनी. आम्ही कोणाच्या हातांनी जपत होतो?

घोटीला त्याच टपरीवर चहाला थांबलो. आम्ही गाडीच्या कप्प्यातील पिवळी फाईल काढली. आत हक्कसोडपत्राचा मसुदा होता. आमचे नाव, बाबांचे नाव, गट क्रमांक, चतुःसीमा. पूर्वेस अमुकाची वाडी, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस विहीर. ती विहीर आम्ही लहानपणी दोघांनी मिळून गाळ काढताना पाहिली होती. आम्ही खिशातले पेन काढले आणि प्रत्येक पानावर सही केली. मग भावाला म्हटले, "दुय्यम निबंधकांकडे कधी यायचे, तो दिवस सांग. येईन. विकायची तर वीक, राखायची तर राख. यापुढे त्या वाडीविषयी बोलण्याचा अधिकार तुझा."

त्याने कागद हातात घेतले. सह्या पाहिल्या. त्याला आनंद होईल असे वाटले होते, पण त्याच्या चेहऱ्यावर तसे काही दिसले नाही. दोन वर्षे एका सहीमागे विक्री अडली होती. आता काहीच अडले नव्हते, आणि निर्णय त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आला होता. चाकाला खांदा दिला होता तोच हा खांदा. आम्ही त्याला मोकळे केले, की आणखी एक ओझे दिले, ते त्या क्षणी आम्हाला कळेना.

"चहा गार होतोय, फादर," तो म्हणाला. मग थांबून, जरा हसून म्हणाला, "दादा."

रात्री वसईत पोहोचलो. धर्मग्रामाच्या घरी जाण्याऐवजी आम्ही वाडीत उतरलो. भावजयीने भाकरी आणि सुके बोंबील वाढले. जेवल्यावर भाऊ बॅटरी घेऊन बाहेर गेला. तीन दिवस केळीला पाणी नव्हते. पंपाचा आवाज आला आणि पाटातून पाणी वाहू लागले. आम्ही त्याच्या मागून गेलो. आळ्यांत पाणी वळवायला फावडे लागते. ते कुठे ठेवलेले असते, हे त्याला विचारावे लागले.

उपवासकाळ लागला आहे. विहिरीचे पाणी मचूळ होण्याचे दिवस जवळ आले. पिवळी फाईल अजून गाडीच्या त्याच कप्प्यात आहे, असे भावजयीकडून कळते. दुय्यम निबंधकांकडे जाण्याचा दिवस भावाने अजून सांगितलेला नाही. आम्ही विचारीत नाही. मात्र दर सोमवारी, धर्मग्रामाच्या कामातून सुटी असते त्या सकाळी, आम्ही वाडीत जातो आणि दोन तास पाणी लावतो. आमचे काम हळू चालते. भाऊ पुढच्या ओळीत असतो. त्याने अजून एकदाही लवकर आटपा असे म्हटलेले नाही.

सोनचाफ्याची झाडे अकरा आहेत.